हत्तीचा ताप

आमच्या हत्तीला ताप आला तो आषाढात, कार्लेखिंडीच्या चढावर, पाठीवर तीनशे नारळ असताना.

हत्ती म्हणजे छोटा हत्ती. २००५ साली टाटांची एस बाजारात आली, दोन सिलिंडरची, ७०२ सीसीची, पाऊण टन माल उचलणारी. तेव्हापासून चार चाकं आणि मागे हौदा असलेल्या कुठल्याही लहान टेम्पोला लोक छोटा हत्ती म्हणू लागले, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे. आमचा हत्ती कुठल्या कंपनीचा ते मी सांगणार नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. दोष कुणाचा होता तेही इतक्यात सांगणार नाही. ते सांगायला मला महिनाभर लागला, तर तुम्हाला पानभर वाचायला काय हरकत आहे?

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हा नोकरीला लागलो. १९८१ साली त्याचा रायगड झाला, पण माझी बदली चौल, रेवदंडा, नागाव या पट्ट्याबाहेर कधी झाली नाही. त्यामुळे या किनाऱ्यावर पन्नाशीच्या आतला जो माणूस मला वाकून नमस्कार करतो, त्याला मी कधी ना कधी अंगठे धरून उभं केलेलं असतं.

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, बँकेत ठेवून काय करायचंय? जुना टेम्पो घेऊ. नारळ आहेत, सुपारी आहे, उन्हाळ्यात पांढरा कांदा, गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती. गाडी एक दिवस उभी राहणार नाही."

मी विचारलं, "आणि बिघडला तर?"

"बिघडायला काय आहे त्याच्यात? दोन तर सिलिंडर."

हे वाक्य मी त्या वेळी कागदावर लिहून घेऊन त्याची सही घ्यायला हवी होती.

तर त्या दिवशी आम्ही दोघं नारळ घेऊन पेणला निघालो होतो. हत्तीच्या तोंडावर फ्लेक्स बांधलेला होता. आमच्या भागातल्या एका नेत्याचा वाढदिवस होता आणि शुभेच्छुकांच्या सतरा चेहऱ्यांमध्ये पुतण्याचा चेहरा तेरावा होता. एवढा मान वाया जाऊ नये म्हणून त्याने तो फ्लेक्स काचेच्या खालपासून थेट बंपरपर्यंत सुतळीने आवळून बांधला होता. नेत्याचं हसणं बरोबर रेडिएटरच्या जाळीवर आलं होतं. हत्तीला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती, हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की पुतण्याच्या नावात ऱ्हस्वदीर्घाची चूक आहे.

अलिबाग सोडलं, खिंडीचा चढ लागला, आणि काटा लाल रेघेकडे सरकला. मग लाल रेघेत गेला. मग नेत्याच्या दोन्ही कानांमागून वाफ येऊ लागली.

"काका, हीट मारतेय."

"थांबव. मी बघतो."

पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस 'मी बघतो' म्हणाला की आसपासच्या लोकांनी चार पावलं मागे सरकावं. पुतण्या सरकला. मी पुढे होऊन फ्लेक्स वर केला, जाळी काढली, ओलं पोतं हाताला गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण पिळलं. पाणी उकळलं की वाफ होते, वाफेला जागा लागते आणि ती नाही मिळाली तर ती जागा करून घेते, हा धडा मला तोंडपाठ होता. झाकण हातातून सुटून आभाळाकडे गेलं तेव्हा तो आठवलासुद्धा. खिंडीच्या कडेला वहाळ फेसाळत वाहत होता. झाकण त्यात पडलं, एकदा चमकलं आणि गेलं. माझ्या मनगटावर जिलबीएवढा फोड आला. गरम रेडिएटर अर्धा तास तरी उघडू नये, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही ठाऊक होतं.

गाडी निवल्यावर वहाळाचंच पाणी बाटलीने भरलं, तोंडाला फडकं कोंबलं आणि हळूहळू खिंड उतरून पोयनाड गाठलं. तिथे एका भंगारवाल्याकडे ढिगात एक झाकण मिळालं, जुन्या जीपचं. चाळीस रुपये. पाव फेरा फिरवला की 'टक' करून बसलं. इतकं छान बसलं की आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फ्लेक्स सोडून, घडी घालून सीटमागे टाकला.

"घरी काही बोलायचं नाही," मी म्हणालो.

"मी कशाला बोलतोय?" पुतण्या म्हणाला. "फ्लेक्सचं तुम्हीही बोलू नका."

घरी आल्यावर हिने विचारलं, "अहो, मनगटाला काय झालं?"

"विळी लागली."

"विळीने भाजतं?"

मी वर्तमानपत्र वर धरलं.

पुढच्या आठवड्यात हत्ती पुन्हा तापला. नागावला जाऊन येईपर्यंत काही नाही, पण अंगावर ओझं आणि समोर चढ आला की काटा वर. सकाळी बघावं तर रेडिएटरमध्ये लिटर-दीड लिटर पाणी कमी. गळती म्हणावी तर खाली थेंब नाही. म्हणजे असतीलही थेंब, पण आषाढातल्या रेवदंड्याच्या रस्त्यावर आपल्या गाडीचे थेंब कुठले आणि वरुणराजाचे कुठले, हे कोण सांगणार? पाणी जातंय आणि कुठे जातंय ते कळत नाही, असा प्रश्न आमच्याकडे एरवी फक्त नळयोजनेच्या बाबतीत पडतो.

शेवटी हत्ती मेस्त्रीच्या गॅरेजवर नेला.

मेस्त्री माझा विद्यार्थी. चौथीला माझ्याच वर्गात होता. गणितात पस्तीस. मात्र वर्गातला फळा पुसायचं काम त्याच्याकडे होतं, आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी रंगीत खडूने लिहिलेला सुविचार तेवढा सोडून बाकीचा फळा तो इतका नेटका पुसायचा की तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचं कौतुक केलं होतं. सुविचार होता 'नेहमी खरे बोलावे'.

त्याने हत्तीभोवती एक फेरी मारली, सेल्फ मारून इंजिन ऐकलं आणि हात पुसत विचारलं, "गुरुजी, मध्ये कुणी हात लावला होता का?"

"छे! कोण हात लावणार?" मी म्हणालो. पुतण्या आकाशाकडे बघत होता.

डॉक्टरसमोर आपण असंच करतो. भूक लागत नाही हे सांगतो, झोप लागत नाही हे सांगतो, मावशीला मधुमेह होता हेही सांगतो. शेजाऱ्याने दिलेल्या चार गोळ्या परवा खाल्ल्या, एवढं सोडून सगळं सांगतो.

मेस्त्री म्हणाला, "आठ दिवस ठेवून जा. एकेक बघत जातो."

त्याला एकेक बघत जायला दिलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण मासेमारीची बंदी चालू होती. १ जून ते ३१ जुलै या किनाऱ्यावर यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. होड्या शाकारलेल्या असतात, जाळी विणून होतात, आणि एरवी बारा वावांवर असणारी सगळी बुद्धी बाजारपेठेतल्या गॅरेजपुढच्या बाकड्यावर येऊन बसते. चौलला ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं म्हणतात. निदान करणारे किती होते ते कुणी मोजलेलं नाही, पण त्या आठवड्यात ते सगळे तिथे होते.

पहिला निकाल एका नाखव्याने दिला. त्याने ऑइलचं झाकण उघडलं. आत पिवळट पांढरी साय.

"गॅसकिट गेला," तो म्हणाला.

बाकड्यावर एकदम शांतता पसरली. कुणाचं तरी मोठं माणूस गेल्यासारखी.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचे दोन मुख्य भाग, खाली ब्लॉक आणि वर हेड. या दोघांमध्ये एक पातळ पत्र्याची वही असते, तिला हेड गॅस्केट म्हणतात. आमच्याकडे गॅसकिट. सिलिंडरमधली आग, पाणी आणि ऑइल या तिघांच्या वाटा तिच्यातून जातात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत हे तिचं काम. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेचं काम. ती फाटली की पाणी ऑइलात, आग पाण्यात. मग इंजिन तापतं, पाणी नाहीसं होतं, पांढरा धूर येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि ऑइलाची कढी होते.

नाखव्याने ती साय बोटावर घेतली आणि जिभेला लावली. होडीच्या इंजिनाला समुद्राचं पाणी थंड करतं, त्यामुळे ऑइल खारट लागलं की खेळ खलास हे त्याला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक. "खारा नाय," तो म्हणाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे गोड्या पाण्याचा लीक हाय." सगळ्यांनी श्वास परत घेतला. चौलच्या टेम्पोत खारं पाणी येणार कुठून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मेस्त्रीने ऑइलची पट्टी काढून दाखवली. "गुरुजी, पट्टीवर ऑइल स्वच्छ आहे. साय फक्त झाकणाला. पावसाळ्यात गाडी दोन-तीन किलोमीटर चालवून बंद केली की आतली वाफ झाकणाला धरते. गॅस्केट गेलं असतं तर सगळं ऑइल दुधाळ झालं असतं."

हे ऐकून आम्हाला अतिशय वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? एवढी माणसं जमली, नाखव्याने जीभ लावली, आणि आता काही झालेलंच नाही म्हणतो?

मग एसटीतून निवृत्त झालेले एक काका पुढे आले. "मी खंडाळ्याच्या घाटात तीस वर्षं गाडी चालवली. एकदाही हेड उतरवावं लागलं नाही."

"एकदाही नाही?"

"नाही. डेपोवाले उतरवायचे."

त्यांनी सकाळी सकाळी इंजिन चालू करायला लावलं आणि मागे जाऊन धूर बघितला. पांढरा होता. पावसाळी सकाळी साडेसहाला त्या बाकड्यावरच्या प्रत्येकाच्या चहाच्या पेल्यातूनही पांढरा धूर येत होता, पण गॅस्केटचा संशय फक्त हत्तीवर गेला. पुतण्याने रेडिएटरमध्ये पाणी भरून इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे आले. मेस्त्री म्हणाला, "आत्ताच पाणी भरलंय, अडकलेली हवा निघणारच. थोडा वेळ चालू द्या, थांबतील." एवढा वेळ कुणाकडे होता? बुडबुडे बघून चार जण निकाल द्यायला मोकळे झाले आणि चहाला गेले.

पुतण्याने मोबाइलवर शोधून काढलं की यावर एक परीक्षा असते. निळं पाणी असतं, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून सोडायची. गॅस्केट फुटून इंजिनातला धूर पाण्यात येत असेल तर निळ्याचा रंग बदलतो. ते निळं पाणी मिळायचं ठिकाण पनवेल किंवा मुंबई.

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. धुरात कार्बन डायऑक्साइड असतो. कार्बन डायऑक्साइड ओळखायला निळं पाणी कशाला? चुन्याची निवळी! अष्टागरात सुपारी आहे, पान आहे, म्हणजे चुन्याला तोटा नाही. मी रात्री पेल्यात चुना कालवून ठेवला, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं आणि पेला हातात धरून गॅरेजवर गेलो. सोबत सलाइनची नळी आणि हिचं स्वयंपाकघरातलं नरसाळं. बाकडं पूर्ण भरलेलं होतं. दोघे जण उभे होते.

नरसाळं रेडिएटरच्या तोंडावर पालथं घातलं, नळी लावली, दुसरं टोक निवळीत बुडवलं. काही होईना. हवा आपल्या पायांनी नळीतून चालत येत नाही, तिला ओढावं लागतं. म्हणून मी नळीला तोंड लावून ती ओढली आणि पेल्यात फुंकली. एकदा. खोकला आला. दोनदा. तिसऱ्या फुंकीला निवळी पांढरी फटक, ताज्या शहाळ्याच्या मलईसारखी.

"सिद्ध झालं!" मी म्हणालो. टाळ्या पडल्या. नाखवा म्हणाला, "मी जिभेवर सांगितलेला." मेस्त्री काहीतरी बोलायला गेला, पण माझ्याकडे बघून गप्प बसला. चौथीतली सवय.

"उतरवा हेड," मी म्हणालो.

रात्री दोन वाजता मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो सिद्ध करायला मी पस्तीस वर्षं पोरांना निवळीत फुंकायला लावत होतो. प्रत्येक वर्षी, प्रत्येक पोराची निवळी पांढरी झालेली होती, आणि त्यातल्या एकाचंही गॅस्केट गेलेलं नव्हतं.

"काय झालं?" हिने विचारलं.

"काही नाही. डास."

आता माझ्याकडे तीन गुपितं झाली होती. झाकण, फ्लेक्स आणि निवळी. सकाळी मी जरा लवकरच गॅरेजवर गेलो, पण मेस्त्री माझ्याहून लवकर आला होता. सीट काढलेली, हौद्यात नळ्या, पाइप, वायरी ओळीने मांडलेल्या. सीटखालून सात सुपाऱ्या, माझा हरवलेला चष्मा आणि पुतण्याचा दहावीचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. हेडचे बोल्ट त्याने कडेपासून मधल्याकडे, थोडे थोडे करत सैल केले. मी काही बोललो नाही. एवढं उघडल्यावर कुठल्या तोंडाने बोलणार?

दोघांनी हेड उचललं. खाली गॅस्केट.

मेस्त्रीने ते उजेडात धरून सावकाश फिरवलं. दोन्ही सिलिंडरांभोवतीच्या कड्या अखंड. कुठे जळलेलं नाही, कुठे ओल नाही, तडा नाही. बाकड्यावरच्यांनी माना लांब केल्या, मग एकेकाला घरची कामं आठवली.

"गुरुजी," मेस्त्री म्हणाला, "हे पास आहे. फर्स्ट क्लासमध्ये."

"मग तेच बसव परत."

"नाही चालत. एकदा दबलेलं गॅस्केट उघडलं की पुन्हा धरत नाही. नवीनच घालावं लागतं."

म्हणजे ते गेलं आहे का हे बघण्यासाठी आम्ही ते उघडलं, आणि उघडल्यामुळे ते गेलं. बाकड्याचं निदान अखेर खरं ठरलं होतं.

हेड उघडलंच आहे तर त्याची सपाटी बघू म्हणून मेस्त्रीने पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी धरली आणि खालून फिलर घालून बघितला. एका कोपऱ्यात केसाएवढा बाक. इतक्या वेळा तापल्यावर एवढं होणारच. ते लेथवाल्याकडून घासून घ्यायचं, याला फेसिंग म्हणतात. लेथवाला पेणला.

पुतण्या दुसऱ्याचा टेम्पो चालवायला गेला होता, म्हणून हेड पोत्यात बांधून मी एसटीने निघालो. मांडीवर ठेवलं.

कंडक्टरने विचारलं, "आजोबा, काय आहे यात?"

"हेड."

"कुणाचं?"

"हत्तीचं," मी बोलून गेलो.

श्रावण लागला होता. बसमधल्या निम्म्या लोकांनी ते पोतं गणपतीसाठीच चाललंय असं गृहीत धरलं आणि एका बाईने मला खिडकीची जागा दिली.

पेणच्या रस्त्यांवर तेव्हा जिकडे बघावं तिकडे गणपती. हमरापूरकडून मूर्तींनी भरलेले छोटे हत्ती एकामागून एक येत होते, सगळे तंदुरुस्त, एकाच्याही कानामागून वाफ नाही. आमच्याकडे गावातल्या चौदा घरांच्या मूर्ती आणायचं काम होतं आणि आमच्या हत्तीचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

लेथवाल्याने भाव सांगितला. मी म्हणालो, "अहो, काहीतरी कमी करा. मी काय अलिबागहून आलोय?"

"मग कुठून आलात?"

"चौलहून."

"तालुका?"

मी सांगेल तेवढे पैसे दिले.

गॅस्केटमध्येही एक मेख निघाली. डिझेल इंजिनाचं गॅस्केट एकाच जाडीचं नसतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो त्यावर जाडी ठरते, आणि ती ओळखायला गॅस्केटच्या कानाला भोकं असतात. आमच्या जुन्याला दोन भोकं होती. मी भोकं न मोजता आणलं त्याला तीन होती. मेस्त्रीने दोन्ही गॅस्केटं शेजारी शेजारी धरली आणि मला अत्यंत सौम्य आवाजात म्हणाला, "गुरुजी, मोजा बघू." मी पुन्हा पेणला गेलो. त्या खेपेला पोतं नव्हतं, त्यामुळे उभ्याने गेलो.

बसवायचं काम मात्र बघण्यासारखं झालं. हेड अलगद ठेवलं, बोल्ट हाताने लावले, मग टॉर्क पाना. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, आधी थोडा, मग जास्त, मग पूर्ण. मी कागद धरून आकडे सांगत होतो आणि तो तसा पाना फिरवत होता. श्रुतलेखन! एक चूक नाही. गणितात याला पस्तीस मी कसे दिले, असा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला.

कूलंट भरलं, हवा काढली, इंजिन चालू झालं. आवाज असा की बाकड्यावर राहिलेला एकमेव नाखवाही उठून उभा राहिला.

"खिंडीत नेऊन बघू," मेस्त्री म्हणाला. हौद्यात वाळूची पोती टाकली. अलिबाग गेलं, चढ लागला. अर्ध्या चढावर, बरोबर त्याच वळणावर, काटा लाल रेघेत गेला.

गाडी थांबली. पुतण्या पुन्हा आकाशाकडे बघू लागला. मेस्त्री खाली उतरला. त्याने कशालाही हात लावला नाही. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि पुढच्या चाकाशेजारी बारीक धारेने ओघळणाऱ्या नळीकडे नुसता बघत राहिला. त्या दिवशी पाऊस नव्हता. कोरड्या डांबरावर पाणी स्पष्ट दिसत होतं. अर्ध्या तासाने रेडिएटर निवल्यावर त्याने झाकण काढलं, उलटं केलं, आतल्या रबराकडे बघितलं, मग बोट घालून रेडिएटरच्या गळ्याची खोली मोजली.

"गुरुजी, हे झाकण या गाडीचं नाही. याचा गळा खोल आहे आणि झाकण आखूड. वरून टक करून बसतं, पण स्प्रिंगचं रबर खाली टेकतच नाही. आत दाब राहत नाही."

"दाबाने काय होतं?" पुतण्याने विचारलं.

"मूळ झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं. तेवढा दाब आत राहिला की पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, कुकरसारखं. दाब नसला की शंभरालाच उकळतं आणि नळीतून बाहेर पडतं. पाणी कमी झालं की गाडी तापते." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "हे तुम्हीच शिकवलंत की. माथेरानला हवेचा दाब कमी म्हणून तिथे पाणी लवकर उकळतं. दाब वाढला की उत्कलनांक वाढतो. मला तेवढंच पाठ होतं."

खिंडीत वहाळाचा आवाज येत होता.

"झाकण कुणी बदललं, गुरुजी?"

मी म्हणालो, "आधीच्या मालकाने लावलं असेल."

मेस्त्रीने माझ्या मनगटावरच्या डागाकडे बघितलं, मग वहाळाकडे. "हो," तो म्हणाला, "असेल."

नवीन झाकण एकशे साठ रुपयांना आलं. हत्ती त्यानंतर चौदा गणपती घेऊन भर पावसात खिंड चढला आणि काटा निम्म्याच्या वर सरकला नाही. मूर्तींवर झाकायला प्लॅस्टिक कमी पडलं तेव्हा सीटमागचा फ्लेक्स कामाला आला. सतरा शुभेच्छुक पेणपासून चौलपर्यंत बाप्पांवर पाखर धरून आले. पुतण्याच्या मते वाढदिवसाचा यापेक्षा चांगला उपयोग आजवर कुणी केलेला नाही.

मेस्त्रीने बिल वहीच्या पानावर लिहून दिलं. गॅस्केट, फेसिंग, ऑइल, कूलंट, मजुरी, सगळं मिळून चौदा हजार दोनशे आणि खाली वेगळं, झाकण १६०. बेरीज मी तीनदा तपासली, बरोबर होती. बिलासोबत कागदात गुंडाळलेली एक पुडी होती. तिच्यात जीपचं झाकण. पुडीवर पेन्सिलने, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आधीच्या मालकाचे. परत.'

मूळ झाकण अजून कार्लेखिंडीतच आहे. अलिबागहून पोयनाडकडे जाताना चढाच्या मधल्या वळणावर डाव्या हाताला वहाळ आहे, पाणी ओसरलं की दगडांत सापडायला हरकत नाही. रुपयापेक्षा मोठं, बशीपेक्षा लहान, वर ०.९ असा आकडा. तुम्हाला मिळालं तर माझ्या घरी आणून द्या, चहा पाजीन. गॅरेजवर मात्र देऊ नका.